थंड खोलीचा एक कोपरा

सोलापुरात थंडीवर पोट भरणारी माणसं थोडी. भवानी पेठेतला गुरुशांत कोनापुरे त्यांतला एक. फ्रिज असो, लस्सीवाल्याचा कूलर असो की डेअरीची दुधाची टाकी, बंद पडलेलं कुठलंही थंड यंत्र गुरुशांतसमोर फार वेळ रुसून बसायचं नाही. पंचवीस वर्षांचा हात होता. वयाच्या तिशीत एका बेदाण्याच्या शीतगृहात तो शिडीवरून पडला आणि उजवा गुडघा दुखावला. तेव्हापासून त्या गुडघ्याला थंडी सोसेना. थंडीचाच धंदा आणि थंडीचंच दुखणं, म्हणून पेठेतली माणसं त्याची चेष्टा करायची. तोही करू द्यायचा, कारण त्याला स्वतःलाही दुसऱ्याची चेष्टा केल्याशिवाय दिवस जात नव्हता.

एप्रिलातल्या एका दुपारी त्याला फोन आला. होटगी रस्त्याला आत वळून शेतीसंशोधनाची एक संस्था होती. तिथल्या यंत्रांची देखभाल तोच करायचा. फोनवर डॉक्टर दानेश्वरी बिराजदार होत्या.

"अण्णा, आत्ताच्या आत्ता या. झाडांना गरम व्हायलंय."

"मॅडम, सगळ्या सोलापूरला गरम व्हायलंय," गुरुशांत म्हणाला. "नंबर लावा."

पण गाडीला किक मारतच तो बोलत होता.

दानेश्वरी मॅडम मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. वय पस्तीसच्या आतबाहेर. संस्थेच्या मागच्या इमारतीत त्यांची 'थंड खोली' होती. खोली कसली, माणूस उभा राहील असा मोठा पत्र्याचा डबाच. आत दिवे, भिंतीला थंड हवा फेकणारे दोन पंखे, बाहेर आकडे दाखवणारी पाटी. बाहेर त्रेचाळीस अंश असताना आत आठ अंश ठेवायचे, हे त्या खोलीचं काम. गुरुशांत पोचला तेव्हा पाटीवर एकोणीस दिसत होते आणि दारात शिवशरण शिपाई चेहरा पाडून उभा होता. शिवशरणची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि दुपारचं जेवण झालं की अर्धा तास त्या खोलीत डुलकी काढायचा त्याचा नेम होता. त्यामुळे खोली बंद पडल्याचं दुःख मॅडमच्या खालोखाल त्यालाच झालं होतं.

"दोन्ही पंख्यांच्या मोटरी जळाल्यात," गुरुशांतनं वर चढून बघितलं आणि सांगितलं. "पार्ट बेंगळुरूहून येतोय. तीन आठवडे तर कुटं न्हाय गेले."

"तीन आठवडे?" मॅडमचा आवाज चढला. "अण्णा, ही अठ्ठेचाळीस झाडं पोटरीत आहेत. चार दिवसांत कणसं बाहेर येतील. थंडी द्यायची ती आत्ताच. नाहीतर चार महिने वाया."

काचघरात कुंड्यांमध्ये ज्वारीची उंच ताटं उभी होती. काचघराला काळे पडदे लावलेले. दिवस लहान केला की ज्वारीला वाटतं मार्गशीर्ष आला आणि ती फुलायला लागते, असं मॅडमनी मागं एकदा त्याला सांगितलं होतं. "म्हणजे झाडालाबी फसवता की," असं तो तेव्हा म्हणाला होता.

आता मात्र त्याला एक शंका आली. "एक इचारू का? ज्वारी तर थंडीचंच पीक की. दवावर वाढती. तिला अजून थंडी सोसायला कशाला शिकवायलाय?"

"थंडी सोसते, कडाका नाही सोसत," मॅडम म्हणाल्या. "पोटरीत असताना दोन-चार रात्री पारा आठावर आला, की फुलातले परागकण मरतात. कणीस दिसायला डौलदार, आणि हात फिरवला तर पोचट. पाच वर्षांमागं आमच्या वडलांच्या रानात असंच झालं. ते कणीस हातात धरून मला म्हणाले, एवढी शिकलीस, हिच्या पोटात काय दुखतंय ते सांग."

"मग?"

"मग काय. डोंगरावर एक गवत उगवतं, बर्फातसुद्धा तग धरतं. त्याच्यातलं थंडी सोसायचं जनुक काढून मालदांडी ज्वारीत बसवलं."

"असं सांगा की. ओरिजनल पार्ट जमत नव्हता, दुसऱ्या कंपनीचा बसवला. आमीबी तेच करतो."

"तुमचं यंत्र बटण दाबलं की कळतं, चाललं का नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "मी चार वर्षं झाली बटण दाबून उभी आहे."

गुरुशांत त्याच पावली पेठेत गेला. त्याच्या दुकानात एका आइस्क्रीमवाल्याच्या मोडक्या डीप फ्रीजरचा पंखा पडला होता. तो आणून त्यानं दोन पंख्यांच्या जागी एक बसवला, तारा जोडल्या, गॅस बघितला. संध्याकाळी पाचला पाटीवर आठ दिसले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, शिवशरणनं सुटकेचा श्वास सोडला.

"तात्पुरतं हाय बरं का," गुरुशांतनं बजावलं. "पार्ट आला की बदलायचं."

तात्पुरतं हा शब्द आपल्याकडं फार दीर्घायुषी असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

कुंड्या आत गेल्या. चोवीस साध्या, चोवीस बदललेल्या. बदललेल्या कुंड्या कुठं ठेवायच्या यावर वाद नव्हता. असल्या रोपांवर देखरेख करणाऱ्या समितीचा नियमच होता की ती वेगळी ठेवायची, म्हणून खोलीच्या आतल्या टोकाला जमिनीवर लाल पट्टी मारलेली होती. पट्टीच्या पलीकडं बदललेल्या, अलीकडं साध्या. बदललेल्यांतही सहा प्रकार होते, एकेकाच्या चार कुंड्या, कारण ते परकं जनुक प्रत्येकात वेगळ्या जागी जाऊन बसलं होतं.

पुढचे आठ दिवस गुरुशांत रोज अकरा वाजता येऊन पंखा बघून जायचा. मॅडमची तशी विनंतीच होती. आत गेलं की तो एक बादली पालथी घालायचा आणि लाल पट्टीच्या पलीकडं बसून कानानं मोटर ऐकायचा. शिवशरणही तिथंच येऊन टेकायचा.

"काय अण्णा, व्हीआयपी ज्वारीजवळच बसायला लागतंय का तुम्हाला?" मॅडम दारातून विचारायच्या.

"हिला मोठेपणी इचारलं तर सांगंल की, कोनापुऱ्यांच्या मांडीवर वाढले म्हणून."

जून सरता सरता कणसं पिकली. मॅडमनी एकेक दाणा मोजला. साध्या ज्वारीत शंभर फुलांमागं जेमतेम बारा दाणे भरले होते. बदललेल्या ज्वारीत सत्तर. सहाच्या सहा प्रकारांत, कुठं पासष्ट, कुठं बहात्तर. मॅडमनी सगळ्या इमारतीला पेढे वाटले. गुरुशांतच्या दुकानात स्वतः येऊन डबा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या आइस्क्रीमच्या पंख्यानं लाज राखली." मे महिन्यातच बेंगळुरूचा पार्ट येऊन पडला होता. गुरुशांत तो बसवायला निघाला तेव्हा त्यांनीच अडवलं होतं. "चालतंय ना? मग हात लावू नका. मला भीती वाटते." पार्ट कपाटात गेला.

संस्थेच्या संचालकांनी जुलैमध्ये मोठा कार्यक्रम ठरवला. दिल्लीहून पाहुणे, वर्तमानपत्रवाले, हारतुरे. आभाराच्या यादीत गुरुशांतचंही नाव होतं. त्याच्या बायकोनं, श्रीदेवीनं, कपाटातला पांढरा सफारी काढून धोब्याकडं दिला आणि पोट आत घ्यायची सूचनाही दिली.

कार्यक्रमाला दोन दिवस होते. पाहुण्यांना थंड खोली दाखवायची म्हणून गुरुशांत ती पुसून-पासून नीट करायला गेला. खोली आठ अंशांवर चालू होती, दिवे लागलेले होते. पंख्याच्या खाली, साध्या कुंड्या ठेवतात तिथं, तो पाइप पुसायला उकिडवा बसला, आणि पाच मिनिटांत त्याच्या गुडघ्यातून अशी कळ गेली की तोंडातून "यप्पा!" निघालं. पाय ओढत तो लाल पट्टीच्या पलीकडं गेला, सवयीनं बादली पालथी घालून बसला. गुडघा हळूहळू निवांत झाला.

तेवढ्यात शिवशरण आत डोकावला. "आण्णा, पाव्हण्यांना ह्याच कोपऱ्यात उबं करा बरं का. तिकडं गारठून मरतील बिचारे. म्हणून तर मी कायम हितंच झोपतो."

गुरुशांत हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच थांबलं.

आठ दिवस तो याच कोपऱ्यात बसला होता. इथं मोटर जास्त चांगली ऐकू येते म्हणून नव्हे. इथं गुडघा दुखत नाही म्हणून. त्यानं वर बघितलं. दिव्यांचे चोक सगळे याच भिंतीला ओळीनं बसवलेले. हात लावला तर चांगले तापलेले. दोन पंखे होते तेव्हा हवा इथपर्यंत पोचून ती उष्णता पळवत असणार. आइस्क्रीमच्या पंख्याचा दम मधेच संपत होता. बाहेरच्या पाटीला जो आकडा मिळायचा तो पंख्याजवळच्या तारेकडून मिळायचा. ती तार बिचारी खरंच सांगत होती, पण स्वतःपुरतं.

मेकॅनिकच्या खिशात असतो तसला काडीसारखा तापमापक त्याच्याकडं होता. पंख्याखाली त्यानं धरला, साडेसात. लाल पट्टीच्या पलीकडं धरला, तेरा. पुन्हा तिकडं, साडेसात. पुन्हा इकडं, तेरा.

ज्वारीला थंडी सोसली होती की थंडी लागलीच नव्हती? त्यानं तापमापक खिशात घातला आणि थेट घरी आला.

त्या दिवशी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. श्रीदेवी अंगणात पाइप घेऊन पिंपं भरत होती. नवरा येऊन पायरीवर नुसताच बसला हे तिच्या लगेच ध्यानात आलं. एरवी तो पाण्याच्या धारेवरसुद्धा एखादी टिप्पणी केल्याशिवाय घरात जायचा नाही.

"काय झालं? सफारी घट्ट होतोय का?"

त्यानं सगळं सांगितलं. श्रीदेवीनं पाइप दुसऱ्या पिंपात टाकला.

"म्हणजे एवढ्या शिकलेल्या बाईला कळलं न्हाय ते तुमच्या गुडघ्याला कळलं."

"चेष्टा करू नको. सांगितलं तर परवाच्या कार्यक्रमात तिचं हसं होणार. चार वर्षं घातलीत तिनं. आणि पंखा माझा. दोनाच्या जागी एक मीच बसवला. उद्या सगळे म्हणतील कोनापुऱ्यानं वाटोळं केलं."

"आणि न सांगितलं तर?"

"कुणाला कळणार बी न्हाय."

"शेतकऱ्याला कळंल की. बियाणं रानात पडल्यावर."

"ते पडायला अजून दहा वर्षं हायत. किती परवानग्या, किती तपासण्या."

"बरं मग," श्रीदेवी म्हणाली, "दहा वर्षं तो गुडघा गप बसंल का तुमचा?"

गुरुशांत उठला आणि तिच्या हातातला पाइप घेऊन उरलेली पिंपं भरू लागला. हे काम तो लग्नानंतर फार तर चार वेळा करायला उठला असेल, त्यामुळे श्रीदेवी बाजूला उभी राहून नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिला. गाडीवर येताना त्यानं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मॅडम, तुमच्या ज्वारीला थंडी वाजलीच न्हाय."

"तेच तर!" मॅडम खूष होऊन म्हणाल्या. "भाषणात हेच वाक्य घेते."

"तसं न्हाय. ती ऊब खात बसली होती. माझ्यासारखी."

मॅडम खळखळून हसल्या. "अण्णा, आज नको हं. मला पन्नास कामं आहेत. उद्या संध्याकाळी काय ती थट्टा करा."

वर्षभर माणसानं थट्टाच केली, की खरं बोलायच्या दिवशी अशी पंचाईत होते. गुरुशांतनं खिशातला तापमापक काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आज थट्टा न्हाय मॅडम. तुमी तुमच्या हातानं बघा."

त्याचा चेहरा बघून त्या उठल्या. प्रयोगशाळेतले सहा तापमापक त्यांनी गोळा केले, खोलीत सहा ठिकाणी टांगले आणि दार लावून घेतलं. बाहेर बाकावर दोघं तासभर बसले. शिवशरणनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. तासानं मॅडम आत गेल्या, एकेक आकडा वहीत लिहिला. आठ, आठ, साडेनऊ, अकरा, साडेबारा, तेरा. मग त्या लाल पट्टीच्या पलीकडच्या पालथ्या बादलीवर बसल्या.

"पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते," त्या म्हणाल्या. "कुंड्या मिसळून ठेवा. सगळ्या जागांना सगळी झाडं येऊ द्या. आणि मी नियमाची लाल पट्टी बघितली आणि डोळे मिटले. सत्तर आकडा बघून तर उघडावेसेच वाटेनात." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, एक पंखा कमी पडेल म्हणून?"

"तुमी पार्ट आल्यावर बदलू का दिला न्हाय?" गुरुशांतच्या तोंडून तितक्याच वेगानं निघालं, आणि लगेच त्याला वाईट वाटलं.

दारात उभा असलेला शिवशरण घसा खाकरून म्हणाला, "माझी झोप तेवढी बराबर जागेला होती."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यातूनच त्या हसल्या. मग पदरानं चेहरा पुसून त्या संचालकांकडं गेल्या.

तिथं काय झालं ते शिवशरणनं पाण्याचा ग्लास तीन वेळा आत नेऊन जमवलं आणि नंतर सांगितलं. संचालक म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, मग सावकाश बघू. मॅडम म्हणाल्या, नाही. संचालक म्हणाले, दिल्लीचे पाहुणे गाडीत बसलेत. मॅडम म्हणाल्या, मग त्यांना मातीवर बोलायला लावा, तो त्यांचा विषय आहे. संचालकांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि शेवटी म्हणाले, "हे आत्ता कळलं तेच बरं म्हणायचं. पण मला बरं वाटत नाहीये."

पाहुणे मातीवर पाऊण तास बोलले. हार त्यांनाच घातले. एका वर्तमानपत्रानं मात्र बातमी आधीच तयार करून ठेवली होती, ती छापूनच आली, आणि पुढचे पंधरा दिवस भवानी पेठेत गुरुशांतला रस्त्यानं चालणं अवघड झालं. "काय कोनापुरे, ज्वारीला स्वेटर घातला म्हणे?" "आमच्या मक्याला एक मफलर बघा की!" तो प्रत्येकाला "माप देऊन जा" म्हणायचा आणि पुढं सटकायचा. सफारी घडी मोडल्याशिवाय कपाटात गेला.

त्याच आठवड्यात बेंगळुरूचे दोन्ही पंखे बसले. चोक त्यानं स्वतःहून बाहेरच्या भिंतीला नेले आणि मॅडमनी विचारल्याशिवाय आतून कोपरान्‌कोपरा मोजून दाखवला. सगळीकडं आठ. मॅडमनी पुन्हा बी पेरलं, पुन्हा काळे पडदे ओढले. लाल पट्टी काढायची तर समितीची परवानगी लागत होती. त्या पत्राला दीड महिना लागला. उत्तर आलं ते असं, की पट्टी काढा, पण प्रत्येक बदललेल्या कुंडीला स्वतंत्र लाल पट्टी गुंडाळा. ते मान्य करण्यासारखं होतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा ताटं पुन्हा पोटरीत आली. कुठली कुंडी कुठं ठेवायची याच्या अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात घालून हलवल्या.

"काढा अण्णा," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हाताला मोह होईल."

गुरुशांतनं चिठ्ठ्या काढल्या, शिवशरणनं कुंड्या उचलल्या. थंडीचे आठ दिवस गेले. या वेळी गुरुशांत बसायला गेला तर प्रत्येक जागी गुडघा सारखाच ठणकला. यंत्र चोख चालल्याचा एवढा त्रास त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दाणे मोजायच्या वेळी मॅडमनी नवीन हट्ट धरला. मोजणाऱ्याला कळता कामा नये की कुठलं कणीस कुठल्या झाडाचं. कणसं पाकिटांत घालून वर नुसते आकडे टाकले. पण मोजणार कोण? संस्थेतल्या सगळ्यांना काही ना काही ठाऊक होतं. तेव्हा गुरुशांत म्हणाला, "आमच्या घरी एक बाई हाय. तांदळातला खडा तिला दिव्याशिवाय दिसतो."

श्रीदेवी तीन दिवस संस्थेत आली. तिला पांढरा कोट दिला, तो तिनं साडीवरून घातला आणि आरशात दोनदा बघितलं. परातीत कणीस चोळायचं, भरलेले दाणे एकीकडं, पोचट दुसरीकडं, आकडा लिहायचा. मधेच गुरुशांत डोकावला तर म्हणाली, "सुम्नं, गप बाहेर बसा. प्रयोग चालू हाय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी पाकिटांचे आकडे कुलपातल्या यादीशी जुळवले. टेबलाभोवती चौघं होती. साधी ज्वारी, शंभरात एकोणीस. बदललेली, पहिला प्रकार, एकवीस. दुसरा अठरा. तिसरा वीस. गुरुशांतची नजर जमिनीकडं गेली. चौथा, अडतीस. पाचवा एकोणीस. सहावा सतरा.

"चौथा परत वाचा," गुरुशांत म्हणाला.

मॅडम आधीच परत बघत होत्या. चार कुंड्या. चार वेगवेगळ्या जागा, एक पंख्याखाली, एक दाराजवळ, दोन मधे. छत्तीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस, छत्तीस.

"सत्तर कुटं आणि अडतीस कुटं," शिवशरण हळहळला.

"सत्तर माझे नव्हतेच, शिवशरण," मॅडम म्हणाल्या. "पाच ठिकाणी पार्ट बसला नाही. एका ठिकाणी बसल्यासारखा दिसतोय." मग गुरुशांतकडं वळून, "का बसला असेल ते मला ठाऊक नाही. परत लावून बघावं लागेल. दोन वर्षं तरी."

"तोवर पंखा बघायला येतो की," गुरुशांत म्हणाला.

मॅडमनी त्याच रात्री वडलांना फोन केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की वडील म्हणाले, अडतीस म्हणजे निम्मंसुद्धा नाही, पण वैरण तर पूर्ण निघते ना?

नोव्हेंबरच्या शेवटी नियमाप्रमाणे ज्वारीची विल्हेवाट लावायची होती. चौथ्या प्रकाराचं बी मोजून कुलपात ठेवलं, बाकी सगळे दाणे, ताटं, पानं इमारतीमागच्या भट्टीत जाळायची. देखरेखीला समितीचे एक अधिकारी आले होते. चष्मेवाले, काटेकोर, हातात छापील कागद. पोती भट्टीत रिकामी केली, दार लावलं, आणि पाच मिनिटांत मागच्या अंगणात असा खमंग वास सुटला की बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली. भाजलेल्या ज्वारीचा वास. दुपारचे बारा वाजले होते.

शिवशरणच्या पिशवीत डबा होता. त्यानं नकळत झाकण सैल केलं. शेंगाचटणीचा वास त्यात येऊन मिसळला.

"इथं कुणी काही खायचं नाही," अधिकारी कागदावरची मान वर न करता म्हणाले. पण आवंढा त्यांनीही गिळला. तो गुरुशांतनं बघितला.

"साहेब, हिला बघून तोंडाला पाणी सुटलेलं फॉर्मात कुटं लिवायचं?"

"अण्णा!" मॅडम दटावून म्हणाल्या, आणि तोंड फिरवून हसल्या.

श्रीदेवी आपला पांढरा कोट परत करायला आली होती. तो घडी करून तिनं मॅडमच्या हातात दिला. "मॅडम, आमच्या घरी साधी ज्वारी हाय. बिनपरवानगीची. सकाळीच दळून आणलीय. भाकरी थापते, चला सगळे."

भट्टी विझेपर्यंत थांबावंच लागलं. राख थंड झाली, तिच्यात काही उरलं नाही हे अधिकाऱ्यांनी काठीनं ढवळून बघितलं, कागदावर चार ठिकाणी सही केली, शिक्का मारला आणि बॅग बंद केली. मंडळी गाड्यांकडं निघाली. गुरुशांतनं किक मारली तेव्हा अधिकारी जवळ आले, चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, "भवानी पेठ इथून लांब आहे का हो?"

"दहा मिनिटं," गुरुशांत पुढं सरकत म्हणाला. "श्रीदेवी, तू मॅडमच्या गाडीवर बस. साहेब, या की हितं. पाय जरा सांभाळून ठेवा, सायलेन्सर लई तापतो."